ज्या खड्ड्यातलं त्याच खड्ड्यात

मासळी सुकवायच्या जागेला चार गोष्टी लागतात: उंचवटा, ऊन, वारा आणि पाणी धरून न ठेवणारी जमीन. पहिल्या तीन तारापूरच्या किनाऱ्यावर कुठेही मिळतात. चौथी त्या एका टेकाडावर होती. टेकाड आता नाही. ते जाण्यात रस्त्याचा, ठेकेदाराचा आणि कागदांचा जेवढा हात होता, तेवढाच माझाही होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता क्रमाने लिहिते.

साठनंतरची ती वर्षं. समुद्राच्या बाजूला मोठं बांधकाम निघालं होतं आणि बोईसर स्टेशनावर रोज नव्या ट्रंका उतरत होत्या. कुणी सांगलीचं, कुणी खानदेशातलं, कुणी थेट बिहारमधलं. फलाटावर मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू यायची. मी बांधकामासाठी आले नव्हते. मी साताऱ्याकडची, दांडीच्या अलीकडच्या एका मच्छीमार वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली होती. वय तेवीस. सामान: एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि पुठ्ठ्याच्या चार वह्या.

राहायला एका विधवा बाईच्या घराची पडवी मिळाली. तिला सगळी वस्ती मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. घरात ती, तिची सून, आणि बहुतेक वेळ होडीवर असलेला मुलगा. पहिल्याच आठवड्यात मी पडवीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला: पाणी कधी भरायचं, कंदिलाची काच कधी पुसायची, रॉकेल कधी आणायचं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने सुनेला विचारलं, "बाय काय लिवते एवढं?"

"काय काय करायचं ते लिवलंय," सून म्हणाली. ती दुसरीपर्यंत शिकली होती.

"ते काय इसरते काय ती? घाटावरची माणसं, भाकरी पण लिवून खात असतील."

टेकाड घरामागे होतं. फार मोठं नाही, शाळेच्या पटांगणाएवढं, पण आसपासच्या खाजणापेक्षा, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीपेक्षा, पुरुषभर उंच. त्यावर वस्तीतल्या बायकांचं खळं होतं, म्हणजे शेणाने सारवलेली, बारीक कोळंबीचा जवळा पसरायची मोकळी जागा. एका अंगाला बांबूच्या वलांड्या, त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगायचे. अवेळी पाऊस पडला तरी ते खळं दुपारपर्यंत कोरडं व्हायचं. खालच्या वस्तीतली अंगणं तेव्हा चिखलात असायची. मी मावशीला कारण विचारलं.

"खाली खापऱ्या हायत ना," ती म्हणाली. "पाणी थांबतच नाय."

गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि बायका खळं नव्याने करायला लागल्या. वलांडीच्या खांबासाठी मावशी पहारीने खड्डा घेत होती. हातभर खाली गेल्यावर लाल खापऱ्या निघाल्या, एक शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला, काळी राख निघाली. मावशीने ते सगळं खड्ड्याच्या काठावर निघालं त्याच क्रमाने मांडून ठेवलं. खांब उभा केला. मग आधी राख, मग बांगडी, मग खापऱ्या असं उलट्या क्रमाने आत घातलं, वर गेल्या वर्षीच्या जवळ्याची चिमूट टाकली आणि टाचेने दाबलं. दुसऱ्या खांबाचा खड्डा चार हातांवर होता. तिथलं सामान तिने यात मिसळू दिलं नाही.

"हे काय?"

"खालच्यांचा वाटा."

"खालचे कोण?"

"म्हाईत नाय. आमच्या आदी होते."

"कोळीच होते का?"

"आता त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणू तुला?" मावशी म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. मग ती जरा समजावण्याच्या सुरात म्हणाली, "ज्या खड्ड्यातलं त्याच खड्ड्यात घालायचं. ह्याचं त्याच्यात केलं का त्यांना सापडत नाय. मंग ते वरती येतात शोधायला."

मी ते वहीत 'समजुती' या मथळ्याखाली लिहून घेतलं. जत्रेतले नवस, होडीच्या नाळेला लावायचं कुंकू आणि हे, असं एकाच पानावर.

डिसेंबरात ओव्हरसियर आले. बोईसरहून समुद्राकडे जाणारा नवा रुंद रस्ता व्हायचा होता, त्याच्या खुंट्या त्यांनी ठोकल्या. खुंट्यांची रांग खाजणातून आली, टेकाडाच्या बरोबर मधून गेली आणि पलीकडे उतरली. माणूस वाईट नव्हता. कोल्हापूरकडचा, माझं बोलणं ऐकून खूश झालेला. पडवीत बसून चहा घेताना मी विचारलं, "रेषा जरा वाकवता नाही येणार? दोन्ही बाजूंना नुसतं खाजण आहे."

"वाकवता सगळं येतं, बाई. पण वाकवायला कारण लागतं. देऊळ लागतं, स्मशान लागतं, नाही तर काही जुनं. वर काय लिहून पाठवू? इथे बोंबील वाळतात?"

"वाळतात ना. साठ घरं जगतात त्यावर."

"किनारा केवढा मोकळा पडलाय. तिथे वाळवतील."

आतून मावशीने ऐकलं. ती दारात आली. "सायब, रेतीवर वाळवलेला जवळा तुमी खाल? दाताखाली कचकच करतो. पालघरच्या बाजारात हात पण लावत नाय कोण."

"मी शाकाहारी आहे, मावशी," ओव्हरसियर म्हणाले.

"मंग तुमाला काय इचारायचं," मावशी म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. त्यात अजून चहा होता.

जमीन किती टणक आहे ते बघायला ओव्हरसियरच्या माणसांनी टेकाडाच्या दक्षिण टोकाला एक खड्डा घेतला. चौकोनी, उभ्या भिंतींचा, माझ्या गळ्यापर्यंत खोल. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिथे उभी राहिले. खड्ड्याच्या भिंतीवर पट्टे दिसत होते. वर सारवणाचे पापुद्रे. त्याखाली पिवळी माती, मग राखेची करडी रेघ, मग शिंपल्या आणि बारीक काटेच काटे, पुन्हा राख, मग लाल खापऱ्यांचा जाड थर. तळाशी भाजलेल्या मातीचं एक मोठं कडं अर्धं बाहेर आलेलं, आणि त्याखाली तसंच दुसरं.

त्याच आठवड्यात मी मुलांना मोहेंजोदडोचा धडा शिकवला होता. तो धडा माझा आवडता. सरळ रस्ते, झाकलेली गटारं, एका मापाच्या विटा, धान्याची कोठारं. हजारो वर्षांपूर्वीची माणसं नीटनेटकी होती याचं मला फार अप्रूप वाटे. धड्यात विहिरीचं चित्र होतं. कड्यावर कडं ठेवून केलेली विहीर, असं मी स्वतःच्या मनाने मुलांना सांगितलं होतं, आणि आता माझ्या पायाशी कड्यावर कडं होतं.

ओव्हरसियरनी सांगितलेली तीन कारणं मला पाठ होती. देऊळ, स्मशान, काही जुनं.

मी मुंबईच्या एका कचेरीला पत्र लिहिलं. जुन्या वस्तूंची पाहणी करणारी कचेरी. पत्त्यासाठी पालघरला जाऊन पोस्टमास्तरांचं डोकं खाल्लं. अठरा दिवसांनी कार्ड आलं: एक साहेब रविवारी सकाळच्या गाडीने येतील, संध्याकाळच्या गाडीने परत जातील. मधे नऊ दिवस होते. कार्ड घेऊन मी ओव्हरसियरकडे गेले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "रविवारपर्यंत ह्या टोकाला कुणी हात लावणार नाही. तुमच्या साहेबांनी लिहून दिलं तर मी वर पाठवतो, रेषा वाकेल. नाही दिलं तर सोमवारी कुदळ."

वस्तीत ही बातमी पोचवली तेव्हा बायकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मावशीने त्या रात्री माझ्या ताटात तळलेली सुरमई वाढली. मला मासे अजून जमत नव्हते. मी खाल्ली.

आता साहेबांची तयारी. साहेब म्हटलं की मला एकच साहेब माहीत होते: शाळा तपासणीला येणारे दिपोटी. दिपोटी यायच्या आधी काय करायचं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पटांगण साफ करायचं, खड्डे बुजवायचे, सारवायचं, वस्तू पुसून फळीवर मांडायच्या, यादी दोन प्रतींत करायची. ज्या शिक्षकाची यादी चोख, त्याला शेरा चांगला. मी त्याच वाटेने गेले. दुसरी वाट असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

आम्ही खड्ड्याच्या भिंती पोखरल्या. जे जे दिसलं ते ते काढलं. मोठी मुलं, चार बायका आणि मी. तीन दिवस. मासळीच्या लाकडी पेट्या होत्या, त्यांत भरलं. मावशी काठावर बसून बघत होती.

"बाय, हे काढू नको. सायबाला तिथंच दाव ना."

"मावशी, मुंबईचा साहेब. त्याला काय खड्ड्यात उतरवायचं?"

"का? पाय मोडलेत त्याचे?"

"धुऊन, पुसून, मांडून दाखवलं की चांगलं दिसतं. एका नजरेत सगळं."

"पण मंग परत घालणार कसं? तू तर समदं एका पेटीत टाकतेस."

"परत घालायचं नाहीच आहे. हे आता सरकारात जाईल."

मावशीने मान हलवली. तिला पटलेलं नव्हतं. पण रेषा मी वाकवणार होते आणि कार्ड माझ्या नावाने आलेलं होतं, म्हणून ती गप्प बसली. तिच्यापुढे मी एरवी एकही वाद जिंकले नव्हते. हा जिंकला.

पुढचे तीन दिवस धुण्याचे. राख आणि काथ्या घेऊन बायकांनी खापऱ्या अशा घासल्या की लग्नाची भांडी वाटावीत. काहींच्या आतल्या अंगाला काळा खरपुडा होता, तो निघेना. मी स्वतः नारळाच्या करवंटीने खरवडून काढला. शिंपल्या आणि काटे पाच टोपल्या भरले. तो कचरा मी मुलांकरवी खाडीत टाकून दिला.

मग वर्गवारी. लाल खापऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या, नक्षीच्या वेगळ्या. मोठ्याकडून लहानाकडे. प्रत्येकीवर चुन्याने आकडा. वहीत रकाने: क्रमांक, वस्तू, लांबी, रुंदी, रंग, स्थिती, शेरा. मातीचे लांबट, मधे भोक असलेले एकोणीस गोळे निघाले होते. ते काय ते कळेना. मी लिहिलं, 'अज्ञात वस्तू, बहुधा दागिना.'

मावशी शेजारी जाळं दुरुस्त करत होती. तिने एक गोळा उचलला, हातात तोलला आणि हसू लागली. "दागिना? हा गळ्यात घातला तर मान मोडंल. जाळ्याचं वजन हाय हे."

"कशावरून?"

तिने मांडीवरचं जाळं उलगडलं. खालच्या दोरीला तसेच गोळे होते. तिच्या सासऱ्याने भाजलेले, ती म्हणाली. आता शिशाचे मिळतात, पण हे जाळं जुनं. तिचा गोळा आणि तो गोळा मी शेजारी ठेवले. मापात बोटाचं अंतर नव्हतं. मी 'दागिना' खोडलं आणि 'जाळ्याचं वजन' लिहिलं. एवढंच केलं. मावशी मात्र बराच वेळ दोन्ही हातांत दोन्ही गोळे धरून बसली.

"म्हंजे ते आमचेच," ती म्हणाली. "दाखला मिळाला बघ तुला."

शनिवारी खड्डा बुजवला. शेळी पडून लंगडी झाली होती, आणि पाहुणा येणार तर उघडा खड्डा दारात बरा दिसत नाही. बाहेर पडलेली सगळी माती आत लोटली, धुम्मसने चोपली, वर शेणाने सारवलं. सुनेने त्यावर रांगोळी काढली: मासा, होडी आणि 'सुस्वागतम्'.

साहेब आले ते पायीच. बोईसरहून निम्म्या वाटेपर्यंत ट्रकमध्ये, पुढे चालत. चाळिशीचे, सडपातळ, धोतर नाही, साहेबी टोपी नाही. खांद्याला पिशवी आणि पिशवीत एक थापी, एक रंगाचा ब्रश, मोजपट्टी. पाणीही न पिता पेट्यांपाशी उकिडवे बसले. पहिली पाच-दहा मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मुलांच्या चेहऱ्यावर सहलीच्या दिवशी बघते. एक जाड बरणीचा कान त्यांनी उचलला आणि उन्हाकडे धरला.

"हे इथलं नाही, बाई. ही माती इथली नाही. हे समुद्रापलीकडून आलंय. बहुधा दोन हजार वर्षं झाली असतील."

बायकांमध्ये कुजबुज झाली. मावशीने विचारलं, "मंग रस्ता वाकणार?"

साहेबांनी कान खाली ठेवला. "हे कुठून निघालं?"

मी वही पुढे केली. "क्रमांक सदुसष्ट. सगळं लिहिलंय. लांबी, रुंदी..."

"ते दिसतंय. कुठून निघालं? किती खाली? राखेच्या वर का खाली? ह्याच्या शेजारी काय होतं?"

मी वहीची पानं उलटली. ती उलटण्यात काही अर्थ नाही हे मला माहीत होतं.

"हे टेकाडातूनच निघालं, साहेब. सगळं ह्या टेकाडातून."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण कागदाचा नाही. हा कान भरतीने वाहून आला असेल, परवा कुणी टाकला असेल, काहीही म्हणता येतं. तो त्याच्या थरात असता तर काही म्हणता आलं नसतं. खड्डा कुठे आहे?"

मी रांगोळी दाखवली.

ते थोडा वेळ 'सुस्वागतम्'कडे बघत राहिले. मग थापी घेऊन खाली बसले. ओव्हरसियरही येऊन उभे राहिले होते. दोन माणसांनी सारवण फोडून माती उपसली. सैल, एकजीव, भेळ झालेली माती. भिंती आम्ही पोखरून आत ढासळवल्या होत्या. एकही पट्टा उरला नव्हता. साहेबांच्या थापीला काहीतरी लागलं. त्यांनी ब्रशने झाडून वर काढलं. पाटीवरची पेन्सिल होती, अर्धी तुटलेली.

"हीपण दोन हजार वर्षांची का?" ओव्हरसियर म्हणाले. कुणी हसलं नाही. मग त्यांनाच ओशाळं वाटलं.

साहेबांनी टेकाडावर आणखी दोन जागी हातभर खोदून पाहिलं. एकीकडे वाळू लागली, दुसरीकडे वलांडीचा जुना खांब. हातात दुपारचे तीन तास होते, उभ्या भिंतींचा नवा खोल खड्डा घ्यायला ते पुरणार नव्हते. कड्यांची विहीर? तीही आम्ही उपटून, फोडून, चौदा तुकडे करून पेटी क्रमांक सहामध्ये ठेवली होती.

"शिंपल्या, काटे असं काही निघालं होतं?"

"पाच टोपल्या," मी म्हटलं. "तो कचरा होता. खाडीत टाकला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "आणि खापऱ्यांच्या आत जळकट?"

"होतं. घासून काढलं."

"राजांची नावं आम्हाला नाण्यांवरून कळतात, बाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "पण माणसं काय खायची, काय शिजवायची, इथे मासळी सुकवायची का, हे त्या काट्यांवरून आणि त्या जळकटावरून कळलं असतं. कदाचित ही जागा तेव्हापासून खळंच असेल. कदाचित. आता ते कुणालाच कळणार नाही."

मावशी मधे पडली. "सायब, आमी परत ठेवतो ना समदं. आजच ठेवतो. मंग चालंल?"

"ते आता परत ठेवता येत नाही, आजी."

"का नाय? आमी तर दर वर्षी ठेवतो. ज्या खड्ड्यातलं त्याच खड्ड्यात."

साहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग सावकाश विचारलं, "कसं ठेवता?"

मावशीने सांगितलं. काठावर क्रमाने मांडायचं, उलट्या क्रमाने आत घालायचं, दोन खड्ड्यांचं एकत्र करायचं नाही. ते ऐकत गेले. तिचं संपल्यावर मला म्हणाले, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. माझ्या वहीत ते होतं. 'समजुती'च्या पानावर, तिसऱ्या क्रमांकाला.

अहवाल त्यांनी आमच्या पडवीतच लिहिला आणि मला वाचून दाखवला. वस्तू जुन्या आहेत, मूळ जागा ठरवता येत नाही, सबब पुढील कार्यवाहीची शिफारस करता येत नाही. मी म्हटलं, "दोन शब्द वाढवून लिहा ना. साठ घरं आहेत."

"खोटं कसं लिहू?"

"खोटं कुठे आहे यात?"

"खरं आहे, पण दाखवायला काही उरलं नाही." निघताना ते वही चाळत म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं." ते मनापासून म्हणाले असावेत. त्या दिवसात मला झालेली ती सगळ्यात मोठी जखम.

पुढचं थोडक्यात. रस्ता झाला. टेकाडाची माती खाजण भरायला कामी आली, म्हणजे त्यातल्या खापऱ्या आता मैलभर लांबीत पसरून असतील. बायका किनाऱ्यावर वाळवू लागल्या. जवळ्याला रेती लागली, पालघरच्या बाजारातून टोपल्या परत यायला लागल्या. मग त्यांनी नव्या रस्त्याच्या कडेलाच जवळा पसरायला सुरुवात केली. डांबर तापतं, लवकर वाळतं, आणि ट्रक त्यावरून जातात. काही घरांनी होड्या विकल्या; माणसं बांधकामावर माती वाहायला गेली. मावशीचा मुलगा त्यातला एक. ओव्हरसियरची बदली झाली. पेट्या शाळेत परत आल्या आणि तिथेच राहिल्या. एका तपासणीत दिपोटींनी त्या पाहिल्या, आणि 'प्राचीन वस्तूंचा नमुनेदार संग्रह' असा शेरा लिहिला. तो शेरा माझ्या सेवापुस्तकात आहे. मी तो खोडायला सांगितलं नाही. दोन वर्षांनी मी सफाळ्याला बदली मागून घेतली. माझ्या जागी आलेल्या गुरुजींनी पहिल्याच पावसाळ्यात पेट्या पटांगणातल्या डबक्यात रिकाम्या केल्या, असं नंतर कळलं. पाणी लगेच जिरलं म्हणे.

मावशीने मला घरातून काढलं नाही. वस्तीतल्या बायका बोलायच्या, "बायने धुतलं आमाला," आणि त्यात चेष्टा नव्हती. मावशी माझ्या तोंडावर कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या ताटात तिने मासा वाढला नाही. मी मागितलाही नाही.

एकच सकाळ उरते. तो सोमवार. उजाडताच मावशी शाळेत आली. मी फळा पुसत होते. तिच्या पदरात जवळ्याची पुरचुंडी होती.

"माणसं यायला तासभर हाय," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना ठेवून देऊ. मंग रोलर फिरू दे, नाय तर काय बी होऊ दे. ते शोधायला येणार नायत."

आम्ही दोघींनी पेट्या टेकाडावर नेल्या. सात खेपा झाल्या. खड्डा कालच्यासारखाच उघडा होता. मावशी काठावर बसली, पहिल्या पेटीतली वरची खापरी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ही कुठं होती? खाली का वर?"

मी खापरीवरचा चुन्याचा आकडा पाहिला.

"तू लिवलंस ना समदं? वाच."

मी वही उघडली. "क्रमांक एक. खापरी, लाल. लांबी चार इंच. रुंदी अडीच इंच. स्थिती चांगली."

तिने ती डाव्या हाताला ठेवली आणि दुसरी उचलली. "ही?"

"क्रमांक दोन. खापरी, लाल. लांबी चार इंच. रुंदी दोन इंच. स्थिती चांगली."

तिसरी. चौथी. ती दर वेळी तेवढ्याच आशेने विचारत होती, आणि मी वाचत होते, कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. लांबी, रुंदी, रंग. अठ्ठावीसपर्यंत आम्ही गेलो. खाजणाच्या पलीकडे ट्रक थांबल्याचा आवाज आला.

मावशीने एकोणतिसावी खापरी हातात घेतली होती. ती तिने न विचारता पेटीत परत ठेवली, पुरचुंडी सोडली, आणि जवळा सगळ्या खड्ड्यावर सारखा पसरून टाकला.

"पुरे, बाय," ती म्हणाली. "मिटव ती वही."